गुहेच्या तोंडाशी मारलेली हाक

१

आमचा देश इतका लहान आहे की सकाळी बेटावर समुद्रात डुंबलेला पाहुणा दुपारच्या जेवणाआधीच माझ्या हवाली होतो. ते निळं गोल विवर बघून झालेलं असतं, शार्क मासे बघून झालेले असतात, आता राहिलेले असतात माया लोक. ते दाखवायचं काम माझं. मुळात मीच माया, त्यामुळे पाहुणा व्हॅनमधून उतरला की त्याचं निम्मं काम तिथंच उरकतं. हा विनोद मी रोज करतो. पाहुणे रोज हसतात. माझी बायको सोडून.

"आमचा पोपट सुटला," ती मक्याचं पीठ मळता मळता म्हणायची. "दगडांना काय सांगतोस, फिदे? ते तरी ऐकून घेतात का?"

माझं नाव फिदेन्सियो. घरी फिदे. आमचं गाव नदीच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून. देवळांचे उंच चौथरे नदीपलीकडे, जंगलात. मधे पूल नाही. लाकडी तराफा आहे, आणि नातो नावाचा आमचा जुना मित्र हातानं चरक फिरवून तो दोराच्या आधारानं या काठावरून त्या काठावर नेतो. पलीकडे गेलं की आधी चौथरे चढायचे, वरून ग्वातेमालाचे डोंगर बघायचे, खाली उतरून आमच्या गवती छपराखाली जेवायचं आणि दुपारी गुहा. जेवण बायकोकडे असतं. काळ्या मिरच्यांचा रस्सा, कोंबडी आणि तव्यावरून थेट पानात पडणारी मक्याची भाकरी. पाहुण्यांनी वहीत लिहिलेल्या अभिप्रायांत माझ्यापेक्षा त्या भाकरीचं कौतुक जास्त असतं, आणि हे ती मला दिवसातून एकदा तरी ऐकवत असे.

गुहेतून निघताना आमची एक रीत आहे. माणूस जिथं दमतो, दचकतो, तिथं त्याचं काहीतरी मागं रेंगाळतं, असं आमचे म्हातारे मानतात. म्हणून निघताना हाक मारायची. "चल रे, निघालो, मागं राहू नकोस." मी याचा छान खेळ करून टाकला होता. गुहेच्या तोंडाशी पाण्यातून बाहेर यायचं, गुहेकडे पाठ करून उभं राहायचं आणि एकेका पाहुण्याचं संपूर्ण नाव खड्या आवाजात पुकारायचं. ज्याचं नाव त्यानं "आलो" म्हणत बाहेर पडायचं. लोकांना फार आवडायचं. काही जणांचे तर डोळे भरून यायचे.

माझा स्वतःचा यावर विश्वास होता का? नव्हता. पण खोटंही वाटत नव्हतं. रोज करायच्या गोष्टीबद्दल माणूस एवढा विचार कुठे करतो!

२

त्या दिवशीच्या पाहुण्यांत कॅनडाच्या एक वयस्क बाई होत्या, मिस मार्गो. जेवण झाल्यावर त्या अडून बसल्या. एवढ्या पुरुषांत आपण एकट्या पाण्यातून जाणार नाही, कुणी बाई सोबत येत असेल तरच येऊ.

मी बायकोकडे बघितलं. आमच्या गावातल्या बायका गुहेत जात नाहीत. पण तिनं हात पुसले आणि उठली.

"चला. इतकी वर्षं हा रोज दुपारी तिच्याकडे जातो. एकदा बघू तरी माझी सवत दिसते कशी."

तिला सगळे चेंचा म्हणत. पाळण्यातलं नाव क्रेसेन्सिया. ते नाव आधी तिच्या थोरल्या बहिणीचं होतं. ती बहीण लहानपणीच नदीवर अंघोळीला गेली आणि परत आली नाही. सापडलीही नाही. हीच नदी, गुहेतून निघते ती. पुढं ही जन्मली तेव्हा बहिणीचं नाव हिला दिलं. आमच्याकडे तसं देतात, गेलेल्याची जागा रिकामी राहू नये म्हणून. लग्नाच्या दिवशी सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "हिला चेंचाच म्हणायचं. पाण्याच्या आसपास पुरं नाव घ्यायचं नाही. ते आधी दुसरीनं वापरलंय." मी मान डोलावली होती. सासूचं कोण ऐकत नाही!

गुहेत सगळं रोजच्यासारखं झालं. तोंडाशी पोहत आत, मग गुडघाभर पाण्यातून, मग दगडावर चढून कोरड्या दालनात. तिथं बूट काढून पायमोज्यांवर चालायचं, कारण जमिनीवर जुनी मडकी आहेत, आणि माणसंही आहेत, हाडांच्या रूपात. चेंचा मिस मार्गोचा हात धरून होती आणि माझ्या प्रत्येक वाक्याला हळूच नाक मुरडत होती. परतताना, पाण्यात उतरल्यावर, मी सगळ्यांना डोक्यावरचे दिवे घालवायला सांगितलं. खरा अंधार काय असतो तो कळावा म्हणून. हाही माझा रोजचा खेळ.

अंधारात कुणीतरी घसरल्याचा आवाज झाला. मग पाण्याचा. मग काहीच नाही.

दिवे लागले तेव्हा चेंचा कमरेइतक्या पाण्यात बसलेली होती. मिस मार्गोचा हात सुटलेला. डोळे सताड उघडे, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, पाण्यात बघत होती. मी धावलो. लागलं का, म्हणून विचारलं. तिनं मान हलवली. नेहमीची ती असती तर तिनं मला गुहेसकट उलटंपालटं केलं असतं.

बाहेर येऊन मी पाठ फिरवली आणि नावं पुकारायला लागलो. काळजीत होतो, तरी जीभ सवयीनं चालत होती. मिस मार्गोचं पुरं नाव, इतरांची पुरी नावं. आणि त्याच ओघात, त्याच खड्या आवाजात, "क्रेसेन्सिया!"

"आले!" बारीक आवाज आला. लगेच. जणू कुणीतरी दाराशी तयारच उभं होतं.

बायको पाण्यातून वर येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. मी तिच्या खांद्यावर पंचा टाकला. आणि मग गुहेच्या आतून, बराच आतून, कुणीतरी म्हणालं, "अरे, थांब की जरा."

मिस मार्गोनी माझा दंड पकडला. "आत कुणी राहिलंय का?"

मी सगळ्यांकडे बघितलं. सगळे होते. "प्रतिध्वनी आहे," मी म्हणालो. "गुहा जुनी आहे, जरा उशिरा ऐकते." सगळे हसले.

३

त्या संध्याकाळी घरी मी शिव्यांची वाट बघत होतो. पाण्यात पाडलंस, अंधार कसला करतोस, अक्कल कुठं विकलीस, असं काहीतरी. ती पायरीवर बसली होती, अनवाणी, पाय हलवत. मी कॉफी करून दिली. ती म्हणाली, "कडू आहे." आणि खाली ठेवली. चेंचा कॉफीत साखर घालणाऱ्याला माणूस समजत नसे.

घाबरलीय, मी स्वतःला समजावलं. दोन दिवसांत ताळ्यावर येईल.

सकाळी ती चुलीपाशी बसली आणि भाकऱ्या थापायला लागली. मी तोंड धुऊन आलो तर तव्यावर ओळीनं छोट्या छोट्या भाकऱ्या होत्या, नाण्याएवढ्या. आमच्याकडे मुली पहिल्यांदा थापायला शिकतात तेव्हा अशा करतात. या बाहुलीच्या भाकऱ्या, असं म्हणून आया मुलींना खूश करतात.

"हे काय गं?"

"छान झाल्यात ना?" तिनं विचारलं. थट्टा नव्हती. तिला खरंच कौतुक हवं होतं.

मी म्हणालो, छान झाल्यात. काय म्हणणार? पाहुण्यांचं जेवण त्या दिवशी शेजारणीकडून करून घेतलं.

सासूबाई आमच्या मागच्या अंगणातच राहतात. दुपारी परत आलो तर दोघी अंगणात बसलेल्या. सासूबाई तिच्या केसांच्या दोन वेण्या घालत होत्या, रिबिनी लावून. आणि त्या गुणगुणत होत्या. एवढ्या वर्षांत मी त्या बाईला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

४

मी तिला गावच्या बसनं सान इग्नासियोला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण आणि भला माणूस होता. डोळ्यांत उजेड टाकून बघितलं, डोकं चाचपलं, बोटं हलवून बघितली. सगळं ठीक आहे म्हणाला. धक्का बसलाय, विश्रांती द्या, असं सांगून गोळ्या दिल्या. मला एकदम हलकं वाटलं. औषधाच्या पिशवीचा केवढा धीर असतो! बाहेर येऊन तिला बर्फाचा गोळा घेऊन दिला. तिनं तो चाटून चाटून खाल्ला, हनुवटीवरून लाल ओघळ आणला आणि मग माझ्याकडे वर बघून म्हणाली,

"काका, माझी आई एवढी म्हातारी का झाली?"

मी बर्फवाल्याकडे बघितलं. त्यानं ऐकलं नव्हतं. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि प्रत्येक ट्रक गेला की कानांवर हात ठेवत होती.

त्या दिवसापासून मी माझी झोपायची झोळी बाहेरच्या पडवीत बांधली. मला तिची भीती वाटत होती हे खरं. पण त्याहून जास्त लाज वाटत होती. माझ्याच बायकोच्या अंगाकडे बघायची लाज. का, ते मी स्वतःलाही शब्दांत सांगत नव्हतो. डॉक्टर धक्का म्हणालाय ना, धक्काच असणार.

५

गुहेत मी जातच होतो. पोट थांबत नाही. फक्त दिवे घालवायचं बंद केलं.

तरी एका दुपारी, कोरड्या दालनाखाली पाहुणे बूट चढवत असताना, मला आवाज आला. थप, थप. थांबून पुन्हा, थप, थप. पाणी टपकतं, ते मला माहीत आहे. गुहेतल्या प्रत्येक थेंबाला मी ओळखतो. थेंबाचा आवाज एकटा असतो. हा दोन तळव्यांचा होता. मधेच पालटून घेतल्यासारखा, पिठाचा गोळा या हातावरून त्या हातावर टाकल्यासारखा.

पाहुण्यांपैकी एकानं मान वर करून वास घेतला. "इथं काही भाजतंय का?"

"बाहेर कुणी कोळसे करत असेल," मी म्हणालो. गुहेत एवढ्या आत बाहेरचा धूर येत नाही हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक.

निघताना मी कुणाचंच नाव पुकारलं नाही. पाहुणे हिरमुसले. मी घशाचं दुखणं सांगितलं आणि घाईघाईनं वाट धरली. आणि मागून, स्पष्ट, माझ्या बायकोचा आवाज आला. "बरोबर आहे. आता मुकाच हो."

मी थांबलो नाही. मी किती घाबरट आहे ते मला त्या दिवशी कळलं. तराफ्यावर नातोनं विचारलं, रडतोयस काय रे? मी म्हणालो, डोळ्यात कचरा गेलाय.

६

दुसऱ्या दिवशी मी टूर रद्द केली आणि सकाळीच सासूबाईंच्या अंगणात जाऊन बसलो. त्या तिला आपल्या हातानं भरवत होत्या. दुधात कुस्करलेला भात. ती पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघा काढत होती.

"आई," मी म्हणालो, "ही चेंचा नाही."

मला वाटलं त्या रागावतील, नाहीतर मला वेडा म्हणतील. मला तेच हवं होतं खरं तर. त्यांनी घास तिच्या तोंडात घातला, ओठ पुसले आणि म्हणाल्या, "मला पहिल्या संध्याकाळीच कळलं. तू पुरं नाव घेतलंस ना?"

मी मान डोलावली.

"जा गं, कोंबड्यांना दाणे टाक," त्यांनी तिला सांगितलं. ती पळत गेली. पन्नाशीकडे झुकलेली बाई, दोन वेण्या उडवत, परकरी पोरीसारखी पळत गेली. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. ते बघणं मी विसरू शकत नाही. एवढं सुख मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही.

"चेंचा आत आहे, आई. मी ऐकलंय तिला. मला ती परत हवीय."

"हवी असणारच." त्या उठल्या, आत गेल्या आणि चेंचाचं सणाचं पोलकं घेऊन आल्या, गळ्याशी भरतकाम केलेलं. "हे घेऊन जा. उन्हं असतानाच जा. तोंडाशी पाठ करून उभा राहा आणि घरचं नाव घे, घरच्या आवाजात. ते तुझं नाटकी बोंबलणं नको. ती ओ देईल. मग चालायला लाग. मागं वळायचं नाही, पोलकं खाली ठेवायचं नाही, तिच्याखेरीज कुणाशी बोलायचं नाही. घरी येऊन ते अंगावर टाक. तिच्या, म्हणजे या अंगावर. बस्स."

"आणि ही? हिचं काय होईल?"

अंगणात ती कोंबड्यांशी बोलत होती, आमच्या आज्यांच्या भाषेत. चेंचाला त्या भाषेतले चार शब्दसुद्धा येत नव्हते.

"ही जाईल," सासूबाई म्हणाल्या. "दोघींना एक घर कसं पुरेल?" पोलक्याची घडी त्या उगीचच पुन्हा पुन्हा सारखी करत होत्या. "दोघी माझ्याच रे. तू म्हणशील म्हातारी निष्ठुर आहे. एकीला मी सगळं आयुष्य दिलं. दुसरीला मी दोन वेण्या घालण्यापुरतीही मिळाले नाही."

मी वाकून त्यांच्या पाया पडलो.

"जा," त्या म्हणाल्या. "आम्ही इथंच आहोत."

७

गुहेपाशी कुणी नव्हतं. पाणी हिरवं होतं, वर पोपट भांडत होते. मी पाठ केली, पोलकं दोन्ही हातांवर धरलं आणि म्हणालो, "चेंचा, चल. घरी जाऊ."

काही झालं नाही. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला. एक मोठा शहाणा मनुष्य जंगलात पोलकं धरून उभा आहे. मी हसणार होतो.

"आठवण झाली का साहेबांना?"

मागून. अगदी जवळून, मानेशी. आणि हातातलं पोलकं ओलं झालं. वरून नाही, आतूनच ओल फुटल्यासारखं. मग जड झालं.

"चल," मी म्हणालो.

"चल काय चल! त्या म्हातारीचा हात सुटला, मी पडले, आणि तू आपला नावं पुकारत निघून गेलास. मी ओरडतेय, थांब, थांब. आणि तू काय म्हणालास? प्रतिध्वनी! मी प्रतिध्वनी होय रे?"

मी चालत होतो आणि रडत होतो आणि हसतही होतो. ती बोलतच होती. आतल्या अंधाराबद्दल बोलली, तिथं हातांनी चाचपडत काय काय केलं ते बोलली. माझ्या सदऱ्याचं बटण तुटलंय ते बोलली. शिव्या देत होती, आणि एवढ्या गोड शिव्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. माझी चेंचा माझ्याबरोबर घरी येत होती. मला आणखी काही नको होतं.

नदीवर नातोचा तराफा या काठाला लागलेला होता. नातो मला बघून काही बोलणार होता, मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली. त्यानं तोंड मिटलं. टोपी काढली. चरक फिरवायला लागला तेव्हा रोजच्यापेक्षा जास्त जोर लावावा लागत होता, त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. पलीकडे मी उतरलो. त्यानं तराफा सोडला नाही. दोर घट्ट धरून, खाली बघत, तो आणखी कुणीतरी उतरायची वाट बघत थांबला.

"काय बघतोय तो?" मागून ती म्हणाली. "कधी बाई बघितली नाही का?"

८

गल्लीच्या तोंडापासूनच मला कोंबड्या दिसल्या. अंगणाचं फाटक सताड उघडं होतं आणि त्या रस्त्यावर आल्या होत्या.

सासूबाईंचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत दोघी नव्हत्या, खाटेवरची चादर नव्हती. भिंतीवरची देवाची तसबीर नव्हती, तिच्या जागी स्वच्छ चौकोन होता. मी आमच्या घरात आलो. चुलीवर राख पसरलेली. दोरीवरचे परकर नव्हते. ट्रंक उघडी होती आणि त्यातले सगळे कपडे खालीवर झालेले. सरहद्दीकडे जाणारी बस आमच्या दारावरूनच जाते. ग्वातेमालात सासूबाईंच्या माहेरची माणसं आहेत, पण कुठल्या गावात, ते त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

मी दारात उभा होतो, पोलकं छातीशी धरून. मागं वळायचं नाही, हे अजून लागू होतं की नाही, कुणास ठाऊक.

"काय रे, वाट अडवून काय उभा? आत जाऊ दे ना. मला किती गारठा लागलाय."

मी बाजूला झालो. माझ्या गालाशी गार वारा लागला, बस, एवढंच.

"आई कुठंय?" आतून आवाज आला.

"बाजारात गेल्यात," मी म्हणालो. "येतीलच."

"आत्ता? उन्हाचं?" ती जरा थांबली. मला वाटलं, आता पकडणार. माझं खोटं ती एरवी वाक्य पुरं व्हायच्या आत पकडते. पण ती चुलीकडे गेली असावी, कारण आवाज तिथून आला. "आणि ही चूल कुणी विझवली? बस तू. मी पेटवते."

मी बसलो. पोलक्यातून पाणी ठिबकून माझ्या मांडीवर येत होतं. बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. लाकूड हललं नाही, राख उडाली नाही. मग अगदी हळू, शिव्या नाहीत, थट्टा नाही, तिनं मला विचारलं,

"फिदे, माझे हात कुठं आहेत?"